सेकंड हँड एसयूव्ही घेताय? आधी तपासा, गाडीचा ‘रिकॉल’ बाकी तर नाही ना!

नांदे, चांदे, सूस, म्हाळुंगे, लवळे. हिंजवडीच्या आयटी पार्कभोवतीच्या या गावांमध्ये गेल्या काही वर्षांत एकामागून एक सोसायट्या उभ्या राहिल्या. इथे घर घेतलं की पाठोपाठ गाडीचा विषय निघतोच. नवी एसयूव्ही बजेटच्या बाहेर जाते आणि चार-पाच वर्षं वापरलेली, सात जणांना घेऊन गावाला जाता येईल अशी गाडी परवडणारी वाटते.

मग व्यवहाराची बोलणी सुरू होतात. गाडी किती किलोमीटर चालली, टायर कधी बदलले, इन्शुरन्स किती दिवस आहे, हे सगळे प्रश्न विचारले जातात. एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो: “या गाडीचा एखादा रिकॉल बाकी आहे का?”

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण रिकॉलची सूचना कंपनीकडे नोंदवलेल्या मालकाच्या मोबाइलवर किंवा पत्त्यावर जाते. गाडी विकली गेली की ती सूचना जुन्या मालकाकडेच पोचत राहते. नव्या मालकाच्या हातात स्टिअरिंग असतं, पण मेसेज दुसऱ्याच्या फोनमध्ये!

रिकॉल म्हणजे नेमकं काय?

एखाद्या मॉडेलच्या ठरावीक गाड्यांमध्ये सुट्या भागाचा, जोडणीचा किंवा सॉफ्टवेअरचा दोष असल्याचं कंपनीच्या लक्षात येतं आणि तो सुरक्षेच्या किंवा प्रदूषणाच्या दृष्टीने गंभीर असतो. अशा वेळी कंपनी त्या गाड्या सर्व्हिस सेंटरला बोलावून तपासते आणि गरज असेल तर भाग मोफत बदलून देते. यालाच रिकॉल म्हणतात.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला म्हणजे, रिकॉलच्या यादीत असलेली प्रत्येक गाडी खराब असते असं नाही. अनेकदा हजारो गाड्या तपासल्या जातात आणि प्रत्यक्ष दोष थोड्याच गाड्यांत निघतो. दुसरा म्हणजे, रिकॉल झालेली गाडी घेऊच नये असंही नाही. ज्या गाडीचं रिकॉलचं काम पूर्ण झालंय, तिची काळजी करायचं कारण नाही. काळजी काम न झालेल्या गाडीची करायची.

पुणे जिल्ह्यातच तयार झालेल्या गाड्यांची उदाहरणं

नांदे परिसरात दिसणाऱ्या काही लोकप्रिय एसयूव्ही पुणे जिल्ह्यातच तयार झालेल्या आहेत. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन चाकणला, तर जीप कंपास रांजणगावला.

- एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन, २०२२: १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ या काळात तयार झालेल्या मॅन्युअल गिअरच्या १२,५६६ एक्सयूव्ही ७०० आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन तपासणीसाठी बोलावल्या गेल्या. कारण होतं क्लचच्या बेल हाउसिंगमधला रबरचा भाग.
- एक्सयूव्ही ७००, ऑगस्ट २०२३: ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ दरम्यान तयार झालेल्या १,०८,३०६ गाड्या. इंजिनच्या भागातली वायरिंग घासली जाऊन कापली जाण्याची शक्यता असल्याने ही तपासणी होती.
- जीप कंपास, २०१७: ५ सप्टेंबर ते १९ नोव्हेंबर २०१७ या काळातल्या सुमारे १,२०० गाड्या, पुढच्या प्रवाशाच्या एअरबॅगशी संबंधित दोषासाठी.
- जीप कंपास डिझेल, २०१९: ११,००२ गाड्यांचं इंजिन कंट्रोल सॉफ्टवेअर धुराचं प्रमाण आटोक्यात ठेवण्यासाठी अपडेट करायचं होतं.

पहिल्या दोन नोंदींच्या तारखा एकमेकींशी ताडून पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये बनलेली मॅन्युअल एक्सयूव्ही ७०० दोन्ही रिकॉलच्या काळात येते. मालकाने क्लचचं काम करून घेतलं आणि पुढच्या वर्षी गाडी विकली, तर वायरिंगची तपासणी राहून गेलेली असू शकते. म्हणून “रिकॉल झालाय” एवढं उत्तर पुरेसं नाही. कोणता झालाय, हे विचारायला हवं.

बाकी कंपन्यांचं काय?

रिकॉल एकाच कंपनीपुरते नाहीत. मारुती सुझुकीने सप्टेंबर २०२१ मध्ये अर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एक्सएल६, सियाझ आणि एस-क्रॉस या मॉडेलच्या मिळून १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या होत्या. त्यांच्या मोटर जनरेटर युनिटची तपासणी करायची होती. जानेवारी २०२३ मध्ये ११,१७७ ग्रँड व्हिटारांच्या मागच्या सीटबेल्टचे ब्रॅकेट तपासायचे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने क्रेटा आणि व्हर्नाच्या ७,६९८, तर कियाने सेल्टोसच्या ४,३५८ गाड्या बोलावल्या. त्या दीड लिटर पेट्रोल इंजिनच्या सीव्हीटी गाड्या होत्या आणि प्रश्न इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाच्या कंट्रोलरचा होता.

जुन्या गाडीच्या बाबतीत ‘ताकाता’ हे नाव लक्षात ठेवा. या जपानी कंपनीने बनवलेल्या काही एअरबॅगमधलं रसायन उष्णतेमुळे आणि दमटपणामुळे वर्षानुवर्षं खराब होत जातं. अपघातात एअरबॅग उघडताना तिचं धातूचं आवरण फुटून तुकडे प्रवाशांच्या अंगावर उडू शकतात. जगभरात यात लोकांचे जीव गेले. होंडाने भारतात सिटी आणि सीआर-व्हीसह अनेक मॉडेल याच कारणासाठी परत बोलावली. या दोषाचा धोका वयाबरोबर वाढत जातो. त्यामुळे “इतकी वर्षं काही झालं नाही” हा विक्रेत्याचा युक्तिवाद इथे उलटा लागू होतो.

कायदा काय म्हणतो?

भारतात वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छा रिकॉलची पद्धत सुरू केली. तेव्हा सगळं कंपनीच्या मर्जीवर होतं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-ए आलं आणि रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले.

या नियमांनुसार सरकारी पोर्टलवर मालकांना तक्रार करता येते. वर्षाला १०,००० पेक्षा जास्त विकल्या जाणाऱ्या कार किंवा एसयूव्हीच्या बाबतीत १,२५० तक्रारी आल्या, तर सक्तीच्या रिकॉलची प्रक्रिया सुरू होऊ शकते. कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ही तरतूद सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे.

मग आठ-दहा वर्षं जुनी गाडी घेतली तर? सात वर्षांची अट सक्तीच्या रिकॉलला आहे. कंपनी स्वतःहून त्याहून जुन्या गाड्याही बोलावू शकते. टोयोटाने एप्रिल २०१४ मध्ये ४४,९८९ इनोव्हा बोलावल्या, त्या फेब्रुवारी २००५ ते डिसेंबर २००८ दरम्यान बनलेल्या होत्या. स्टिअरिंगमधली केबल खराब झाली तर ड्रायव्हरची एअरबॅग बंद पडण्याची शक्यता होती.

रिकॉल कसा तपासायचा?

१. चेसिस नंबर मिळवा. तो आरसीवर असतो. ऑनलाइन माहितीत त्यातले काही अंक झाकलेले असतात, म्हणून विक्रेत्याकडून आरसीचा स्पष्ट फोटो मागा. आरसीवरचा नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी जुळतोय का, तेही बघा.

२. उत्पादनाचा महिना बघा. रिकॉलच्या तारखा गाडी कारखान्यात कधी बनली यावर ठरतात, नोंदणी कधी झाली यावर नाही. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी मार्चमध्ये रस्त्यावर येऊ शकते.

३. कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाका. अनेक कंपन्यांनी ही सोय दिली आहे. ती सापडली नाही तर कस्टमर केअरला फोन करा.

४. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. गाडीवर कोणता रिकॉल लागू होता, काम कधी झालं आणि कोणता बाकी आहे, ते सिस्टिममध्ये दिसतं. सर्व्हिस हिस्ट्रीची प्रिंटही मागा.

५. काम बाकी असेल तर ताबा घेण्याआधी करून घ्या. ते मोफत असतं आणि मालक पहिला आहे की तिसरा, याने फरक पडत नाही.

६. गाडी नावावर झाली की कंपनीकडे मोबाइल नंबर बदला. आरटीओत नाव बदललं म्हणजे कंपनीकडेही बदललं, असं होत नाही.

कंपनीने भारतातली विक्री बंद केली असेल तर काय? जनरल मोटर्सने २०१७ मध्ये शेवरले गाड्यांची विक्री थांबवली, तर फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोघांनीही जुन्या ग्राहकांना सर्व्हिस देत राहू असं सांगितलं होतं. तरीही एकोस्पोर्ट किंवा टवेरा घेताना जवळचं सर्व्हिस सेंटर खरंच सुरू आहे का, ते आधी बघा.

रिकॉलमध्ये न बसणारी दुखणी

गाडीचा प्रत्येक बिघाड रिकॉलमध्ये येत नाही. वापराने झिजणाऱ्या भागांचा खर्च नव्या मालकालाच करावा लागतो. म्हणून टोकन देण्याआधी हे बघा:

- डीपीएफ: १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल एसयूव्हीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. नांदे ते हिंजवडी असा रोजचा छोटा, ट्रॅफिकमधला प्रवास असेल तर फिल्टर तुंबतो. तुमचं रोजचं धावणं इतकंच असेल, तर डिझेल हवंच का याचा आधी विचार करा.
- क्लच: क्लच पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी उचलत असेल, किंवा चढावर इंजिनचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट झिजलेली असू शकते.
- सस्पेन्शन: काच खाली करून, म्युझिक बंद ठेवून स्पीड ब्रेकर आणि खड्ड्यांवरून सावकाश चालवा. खडखड ऐकू आली तर बुश, लिंक रॉड, शॉकअप तपासायला सांगा.
- धूर: गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट किंवा इंजेक्टरचा प्रश्न असू शकतो.
- एअरबॅगचा दिवा: किल्ली फिरवल्यावर हा दिवा लागून काही सेकंदांनी विझायला हवा. विझला नाही तर बिघाड आहे. लागलाच नाही, तर बिघाड लपवण्यासाठी तो कोणी बंद केलाय का, अशी शंका घ्या.

पुरात अडकलेली गाडी ओळखा

२५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्याही बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि आतल्या टोकाला गाळाचा डाग दिसतो का बघा. मॅट उचलून वास घ्या, सीटखालच्या रुळांवर गंज आहे का ते पाहा. इन्शुरन्सच्या जुन्या क्लेमची माहितीही मागा. पाण्यात राहिलेल्या गाडीच्या वायरिंगचा त्रास अनेक महिन्यांनी सुरू होऊ शकतो.

कागदपत्रांत काय बघायचं?

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, इन्शुरन्स, पीयूसी आणि थकीत ई-चलन, एवढं तरी तपासाच. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. डीलरकडून गाडी घेणार असाल तर ते दाखवायला सांगा.

या यादीतल्या बहुतेक गोष्टींवर भाव कमी करता येतो. टायर झिजलेत, दहा हजार कमी करा. क्लच गेलाय, आणखी कमी करा. बाकी असलेल्या रिकॉलवर मात्र घासाघीस करू नका. त्याचं काम फुकट होतं आणि प्रश्न मागच्या सीटवर बसणाऱ्या मुलांचा आणि आजी-आजोबांचा असतो. विक्रेत्याला सरळ सांगा: आधी सर्व्हिस सेंटरचा कागद, मग टोकन.