सल्ल्याची संमती कशी झाली

मेहकरच्या शेतकऱ्याचा धुऱ्याचा दावा खाली मिटला नाही आणि त्यात कायद्याचा मुद्दा निघाला, तर दुसरं अपील नागपूरला जातं. ही वाट जुनी. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, 1936 मध्ये नागपूरला हायकोर्ट आलं, 1956 मध्ये तिथे मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आलं. कागद कुठे जातो हे पैनगंगेकाठच्या पक्षकाराला ठाऊक असतं. तिथला न्यायमूर्ती कोण निवडतं, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही.

ती निवड ‘सल्ला’ या एका शब्दावर उभी आहे. घटना लिहिताना दोन परकीय नमुने समोर होते. इंग्लंडात नेमणूक तेव्हा सर्वस्वी राजसत्तेच्या हाती होती. अमेरिकेत संघीय अपील न्यायालयाचा न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतो, सिनेटची समिती त्याला उघड सुनावणीत प्रश्न विचारते आणि सिनेटने मत दिल्यावरच तो खुर्चीवर बसतो. 24 मे 1949 ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत दोन्ही वाटा बाजूला सारल्या. एकीत सरकारला मोकळं रान, दुसरीत राजकारणाचा शिरकाव. जाणत्यांचा सल्ला घेऊन राष्ट्रपतींनी नेमावं, ही त्यांची मधली वाट. सरन्यायाधीशांची संमतीच हवी, ही सूचना त्यांनी मानली नाही. सरन्यायाधीशही अखेर माणूसच, त्यांना नकाराधिकार देणं धोक्याचं, असं ते म्हणाले. चर्चा सुप्रीम कोर्टाची होती, पण हायकोर्टाच्या 217 व्या कलमातही तोच शब्द आला.

पुढे सरकारनेच या शब्दाचा कस पाहिला. आणीबाणीत हायकोर्टाच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. मार्च 1981 मध्ये कायदामंत्र्यांनी परिपत्रक काढून अतिरिक्त न्यायाधीशांकडून परराज्यात जाण्याची तयारी मागवली. मुंबईचे वकील इक्बाल छागला आणि त्यांचे सहकारी त्याविरुद्ध कोर्टात गेले. अशा साऱ्या याचिकांचा निकाल ‘एस. पी. गुप्ता’ या नावाने डिसेंबर 1981 मध्ये लागला: सल्ला म्हणजे संमती नव्हे. 6 ऑक्टोबर 1993 ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला. सल्ल्याला संमतीचं वजन आलं आणि घटनेत कुठेही नसलेलं ‘कॉलेजियम’, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींचं निवड मंडळ, जन्मलं. त्याच्या जागी संसदेने आणलेला नियुक्ती आयोग सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये रद्द केला.

1993 चा निकाल मला समजतो. बदल्यांची ती जखम खरी होती. पण आंबेडकरांची शंका त्याने फिटत नाही. उमेदवाराला उघडपणे प्रश्न विचारण्याची जागा आपल्याकडे अजूनही नाही.

आज नागपूरच्या वकिलाचं नाव मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांसह सुचवतात. ते राज्य सरकार, कायदा मंत्रालय, सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम असं फिरत राष्ट्रपतींपर्यंत पोचतं. सरकारने परत पाठवलेलं नाव कॉलेजियमने पुन्हा धाडलं, तर नेमणूक बंधनकारक ठरते. ती किती दिवसांत करायची, याचं पक्कं बंधन मात्र घटनेत नाही. तोवर फाइल दिल्लीत थांबते आणि धुऱ्याच्या दाव्याला पुढची तारीख पडते.