सालोमालोची चाल आणि तुकोबारायांची चाल



या पानावर चित्रपटाच्या संगीताचा विषय पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडेल, हे मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांच्याही पडत असे. ते फडाचे मृदंगवादक होते आणि मीही त्यांच्याच हाताखाली मृदंगाला शाई लावायला, कणीक थापायला शिकलो. घरात रेडिओवर सिनेमाची गाणी लागली की ते उठून ओसरीवर जात. मी मात्र रेडिओला कान लावून बसे. गाणाऱ्यापेक्षा, लिहिणाऱ्यापेक्षा मला चाल बांधणाऱ्याचे नाव हवे असे. हे वेड साठी उलटली तरी गेलेले नाही. तेव्हा आज जे लिहितो आहे ते एका रसिकाचे मत आहे, शास्त्रार्थ नव्हे, असे समजून वाचावे.

विषयाला कारण झाले ते माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीचे. एका सप्ताहात गायनाचार्य आले नव्हते, म्हणून भजनाची चाल धरण्याचे काम माझ्याकडे आले. मी बीज आणि वृक्षाचे ते सुप्रसिद्ध पद घेतले. एकाच बीजातून कोटी तरू होतात आणि शेवटी ब्रह्म एकलेच उरते, असा त्याचा आशय. आपण सर्वांनी ते ऐकले आहे. मी म्हणालो, "तुकोबारायांचे प्रमाण आहे." टाळकऱ्यांनी उचलून धरले, रंग भरला. आरती झाल्यावर एक वृद्ध विणेकरी जवळ आले आणि हळूच विचारले, "बाबा, गाथ्यात कितवा?"

मी चार रात्री गाथा चाळली. साडेचार हजारांहून अधिक अभंग. नाही सापडला. सापडणारही नव्हता, कारण ते पद तुकोबारायांचे नाहीच. ते शांताराम आठवले यांचे आहे. १९३६ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'संत तुकाराम' हा बोलपट काढला, त्यासाठी त्यांनी ते लिहिले. चाल केशवराव भोळे यांची आणि पडद्यावर गाणारे विष्णुपंत पागनीस. त्या पदात 'तुका म्हणे' ही मुद्रिकासुद्धा नाही. एवढी साधी खूण माझ्या ध्यानात आली नव्हती! पण माउली, केवळ मीच फसलो असे नाही. गेल्या पाऊणशे-ऐंशी वर्षांत कितीतरी जाणती माणसे त्याला तुकोबांचा अभंग मानत आली आहेत. ते का फसले, याचा विचार करता करता मी केशवराव भोळ्यांपाशी येऊन पोचलो.

भोळे मूळचे अमरावतीचे, जन्म १८९६चा. वैद्यकीचे शिक्षण घ्यायला मुंबईला गेले आणि ते अर्धवट टाकून गाण्यात रमले. संगीतकार होण्याआधी ते संगीताचे टीकाकार होते. 'एकलव्य' आणि 'शुद्धसारंग' या टोपणनावांनी त्यांनी गवयांवर लिहिले आणि तेही भीड न ठेवता. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाने मराठी रंगभूमीची जुनी घडी मोडली. त्यातली आटोपशीर गाणी भोळ्यांनी बांधली होती. तासभर ताना घेत प्रसंग खोळंबून ठेवायचा नाही, गाणे प्रसंगातूनच उगवले पाहिजे, हा त्यांचा ध्यास तेव्हापासून दिसतो. नंतर ते प्रभातमध्ये गेले आणि 'अमृतमंथन'पासून त्यांची तिथली कामगिरी सुरू झाली.

'संत तुकाराम'च्या सुरुवातीलाच एक जागा आहे. आपण हा चित्रपट पुन्हा पाहिलात तर तेवढी जागा डोळे मिटून ऐकावी, अशी माझी विनंती आहे. तुकोबा विठ्ठलापुढे एकटे अभंग गात आहेत. सूर साधा, शब्द स्पष्ट, कुठे अडवणूक नाही. मग दृश्य बदलते आणि देवळात सालोमालो तोच अभंग गातो आहे, मुद्रिका मात्र स्वतःची. शब्द जवळजवळ तेच. पण चालीला नाटकी वळणे आली, आवाज ऐकणाऱ्यांकडे पाहू लागला. एका वाक्याचाही संवाद न होता प्रेक्षकाला कळते की यातला खरा कोण आणि चोर कोण. चित्रपटाचे संगीत म्हणजे काय, असे मला कुणी विचारले तर मी हे उदाहरण देतो. गाणे गोड आहे की नाही, हा प्रश्न तिथे दुय्यम होतो. चालीने माणूस ओळखू येतो.

आणि सालोमालो ही चित्रपटवाल्यांनी कल्पनेतून काढलेली व्यक्ती नाही, हे गाथेच्या वाचकांना सांगायला नको. तुकोबांच्या अभंगांतली मुद्रिका बदलून ते आपले म्हणून सांगणारा हा गृहस्थ गाथेतच आहे. पटकथाकार शिवराम वाशीकरांनी मंबाजीच्या वाट्याचा छळही त्याच्याच गळ्यात घातला, ही गोष्ट वेगळी. इतिहास म्हणून ते मला पटत नाही, पण नाट्य म्हणून पटते.

आता पागनीसांविषयी दोन शब्द. हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. असा माणूस तुकोबा म्हणून कसा शोभेल, अशी शंका तेव्हा होतीच. पण दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकांनी त्यांना घेतले. पागनीस हाडाचे भजनी होते आणि भोळ्यांनी त्यांच्या गळ्यात जे होते त्यालाच हात घातला. मृदंग वाजवणारा म्हणून सांगतो, त्या गाण्यांत ठेक्याला श्वास घ्यायला जागा आहे. टाळ सूर झाकत नाहीत. विष्णुपंत दामले स्वतः ध्वनिमुद्रणातले जाणकार, त्याचाही तो गुण असेल. मुंबईत हा चित्रपट एकाच थिएटरात ५७ आठवडे चालला. १९३७ साली तो इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याची विशेष दखल घेतली गेली. भाषा न कळणाऱ्या लोकांपर्यंत काय पोचले असेल? मला वाटते, चालच पोचली.

याच कंपनीने वर्षभर आधी, १९३५ साली, नाथमहाराजांवर 'धर्मात्मा' काढला होता. आधी त्याचे नाव 'महात्मा' होते, पण सेन्सॉरला ते खपले नाही. एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व, संगीत मास्तर कृष्णरावांचे आणि दिग्दर्शन शांतारामबापूंचे. एवढी मोठी नावे असूनही लोकांनी त्याला 'तुकाराम'सारखे उराशी धरले नाही. मास्तर कृष्णराव हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. विद्वत्ता आणि रसिकता तोलायला बसलो तर भोळ्यांपेक्षा त्यांचे पारडे जड भरेल. तरी मला 'धर्मात्मा'त नाथांआधी बालगंधर्व ऐकू येतात. तो आवाज इतका ऐश्वर्यवान की त्यात दुसऱ्या कुणाला राहायला जागाच उरत नाही. हे माझे मत झाले. बालगंधर्वांच्या भक्तांनी रागवावे, मी ऐकून घेईन.

भोळ्यांचे मोठेपण मला आणखी एका चित्रपटात दिसते, आणि त्याचा आपल्या संप्रदायाशी काही संबंध नाही. १९३७चा 'कुंकू'. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या मुलीची ती कथा. गाणी आहेत, पण मागे वाजणारे पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे. दुःख आले की व्हायोलिन रडवायचे, हा रिवाज या माणसांनी सोडून दिला. संगीतकाराने स्वतःच्या पेटीवर झाकण ठेवून बाजूला बसावे, याला केवढा संयम लागतो! मृदंगाचार्य निरूपण चालू असताना हात मांडीवर ठेवून बसतो ना, तसे. माझे वडील म्हणत, वाजवायला बारा वर्षे लागतात आणि थांबायला त्याहून जास्त.

१९४०च्या 'संत ज्ञानेश्वर'लाही भोळ्यांचेच संगीत आहे. ते मला आवडते, पण 'तुकाराम'ची माती त्याला नाही. माउलींच्या भूमिकेतले शाहू मोडक फारच देखणे दिसतात आणि गाणीही थोडी देखणी झाली आहेत. एवढेच म्हणून पुढे जातो.

पुढची गोष्ट आपल्या रोजच्या वापरातली आहे. इंद्रायणीकाठच्या आळंदीचे, माउलींच्या समाधीचे जे गीत पंडित भीमसेन जोशींच्या आवाजात आपण पहाटे पहाटे ऐकतो, तेही कोणा संताचे नाही. १९५३ सालच्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटातले ते गाणे. शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि चाल पु. ल. देशपांड्यांची. ज्यांना आपण हसवणारे लेखक म्हणून ओळखतो, त्या पुलंची! त्या चित्रपटाची कथा, दिग्दर्शन, भूमिका, संगीत सगळे त्यांचेच. एका भोळसट माणसाच्या विनोदी चित्रपटात हे गाणे बसले आहे, हे ठाऊक नसलेले कितीतरी वारकरी मला भेटले. विठ्ठलाला वेडा कुंभार म्हणणारे पद घ्या. तेही माडगूळकरांचे, १९६१च्या 'प्रपंच'मधले, चाल आणि गळा सुधीर फडक्यांचा. देवाशी भांडण मांडणारे ते पद ऐकताना नामदेवरायांची आठवण होते, इतके ते आपल्या घरातले वाटते.

या तिन्ही गाण्यांच्या चालींत मला एक साम्य दिसते. मुखडा एकदा ऐकला की चार माणसांना मिळून म्हणता येतो. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे, त्यामुळे पसरायला सवड नव्हती. पण दिंडीत आलो की तीच चाल आपण अर्धा तास चालवतो, दुगण करतो, पावली खेळतो, आणि ती तुटत नाही. सगळ्या सिनेमाच्या चालींना हे जमत नाही. पुष्कळशा गाण्यांचा जीव दोन कडव्यांमधल्या वाद्यांत असतो. ती वाद्ये काढली की खाली काही उरत नाही.

म्हणूनच हल्ली चालू हिंदी गाण्याच्या चालीवर अभंग बसवण्याची जी हौस आली आहे, ती मला रुचत नाही. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न मी काढत नाही. चाल सिनेमातून आली म्हणून ती विटाळलेली, असे मानले तर मला निम्मा जन्म प्रायश्चित्त घ्यावे लागेल. अडचण अशी की अभंग सुरू होताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नायक-नायिका येऊन उभे राहतात. शब्द तुकोबांचे आणि आठवण भलत्याची. देवळातला सालोमालो याहून वेगळे काय करत होता? त्याने मुद्रिका बदलली, आपण चाल बदलतो.

मग माझ्या हातून झाले त्याला काय म्हणावे? सालोमालोने तुकोबांचे आपल्या नावावर घेतले. मी आठवल्यांचे तुकोबांच्या नावावर घातले. विचार केला तेव्हा दुसरा अपराधही लहान वाटेना. ज्या कवीने एवढे लिहून आपली मुद्रिका घातली नाही, त्याचे नाव मी भर सप्ताहात पुसून टाकले होते, आणि तुकोबारायांना तर उसन्या ओळींची गरज कधीच नव्हती.

पुढच्या वर्षी त्याच गावी सप्ताहाला गेलो. तेच वृद्ध विणेकरी वीणा गळ्यात घालून उभे होते. कीर्तन संपल्यावर, जेवणाच्या पंगती बसायच्या आधी, मी ते बीज-वृक्षाचे पद पुन्हा धरले. आधी उभे राहून सांगितले, "हे प्रमाण नव्हे. शब्द शांताराम आठवल्यांचे, चाल केशवराव भोळ्यांची, गाइले पागनीसांनी." मंडपात दोघे-तिघे कुजबुजले, एक जण उठून गेला. मी विणेकरीबुवांकडे पाहिले. त्यांनी वीणेची तार छेडली आणि मान हलवून मला सुरू करण्याची खूण केली.