अ‍ॅम्प्लिफायर व इफेक्ट पेडल, जुने (विंचूर परिसर)

विद्युत गिटार, बेंजो अशा तंतुवाद्यांचा आवाज वाढवणारी आणि त्याला फाटका, घुमणारा किंवा लहरता पोत देणारी, साधारण १९९० पूर्वीची उपकरणे. विंचूर (ता. निफाड, जि. नाशिक) हे नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे, लासलगावच्या कांदा बाजाराला लागून असलेले गाव. विंचूर, लासलगाव, येवला या पट्ट्यात अशी उपकरणे ऑर्केस्ट्रावाल्यांकडे, मंडपवाल्यांकडे आणि बेंजो पार्ट्यांकडे वापरली जातात.

वरातीतला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. १९१२ साली जपानमधील नागोया येथे तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्याचे ते भारतीय रूप आहे. त्याच्या तारांखाली बसवलेला चुंबकीय पिकअप गिटारच्या पिकअपसारखाच काम करतो. त्यामुळे गिटारसाठी बनलेले इको, कोरस किंवा फझ पेडल बेंजोला थेट लागते. गिटारच्या परदेशी अ‍ॅम्प्लिफायरची जागा इथे बहुधा दिल्लीच्या अहुजा कंपनीच्या सभा-समारंभांच्या अ‍ॅम्प्लिफायरने घेतली. हा जोड गौण समजू नये. पिकअपला सुमारे १० लाख ओहमचा इनपुट मानवतो, तर अशा अ‍ॅम्प्लिफायरचा माइक इनपुट त्याहून खूपच कमी रोधाचा असतो. थेट जोडल्यास आवाज दबतो. मध्ये बफर असलेले पेडल आले की बेंजो उघडा वाजतो. अहुजाच्या मागच्या बाजूचे १०० व्होल्टचे टर्मिनल लाइन ट्रान्सफॉर्मर असलेल्या भोंग्यांसाठी असते. ८ ओहमचा स्पीकर तिथे जोडू नये.

वीजजोडणी. जुन्या उपकरणाचे नुकसान बहुतेक वेळा वाजवताना होत नाही, पहिल्यांदा चालू करताना होते. म्हणून दुरुस्तीची सुरुवात इथून करावी. भारतातील पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. अमेरिकी अ‍ॅम्प्लिफायर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतो आणि जपानी घरगुती उपकरण १०० व्होल्टवर. त्यांना योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो; तो लावूनही ६० हर्ट्झसाठी बेताचा बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. निर्यातीसाठी बनलेल्या मार्शल, व्हॉक्स अ‍ॅम्प्लिफायरांना मागे व्होल्टेज निवडण्याची सोय असे. प्लग लावण्याआधी ती तपासावी. गावात याच्या जोडीला शेतीपंपांचा भार असतो. मोटारी सुरू झाल्या की दाब खाली येतो, आणि डीपीवरची न्यूट्रल तुटली तर घरातला दाब ३०० व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. वरातीच्या जनरेटरवरही दाब हलतो. स्टॅबिलायझर आणि योग्य मूल्याचा फ्यूज यांवर इथे पैसे वाचवू नयेत. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली दिसली, तर आतला ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे असे गृहीत धरू नये.

बंद पडून राहिलेले उपकरण सिरीज बोर्डावर चालू करावे. फेजच्या तारेत ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब येतो. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भरपूर उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. इलेक्ट्रिशियनकडे हा बोर्ड हमखास असतो आणि महागड्या मीटरपेक्षा तो अधिक उपकरणे वाचवतो.

बहुतेक पेडले ९ व्होल्ट डीसीवर चालतात, पिनचा मध्य निगेटिव्ह. बाजारातला साधा बॅटरी एलिमिनेटर ९ वर ठेवला तरी भार नसताना १२–१३ व्होल्ट देऊ शकतो आणि त्याची पिन उलटी असू शकते. बॉस कंपनीच्या १९७७ पासूनच्या पहिल्या पेडलांना मात्र एसीए नावाचा, जास्त व्होल्ट देणारा अडॅप्टरच अपेक्षित होता. नव्या नियंत्रित ९ व्होल्टवर त्यांचा दिवा मंद लागतो. तो दोष नव्हे. जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर असलेली फझ पेडले, उदाहरणार्थ १९६६ चे फझ फेस, पॉझिटिव्ह अर्थची असतात. इतर पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरवर ती लावली तर पुरवठाच शॉर्ट होतो. त्यांना स्वतंत्र बॅटरी द्यावी.

ओळख. रंग आणि नावाची पट्टी बदलता येते, म्हणून झाकण उघडून पाहावे. अमेरिकी उपकरणांच्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. १३७६६३३ यातला १३७ हा सीटीएस या कंपनीचा क्रमांक, ६६ म्हणजे १९६६ आणि ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहतिसावा आठवडा. ३०४ असेल तर स्टॅकपोल. हा आकडा सुट्या भागाची तारीख सांगतो. उपकरण त्यानंतरचे असते, आणि कंट्रोल नंतर बदललेला असेल तर तो काहीच सिद्ध करत नाही. त्यापेक्षा न छेडलेला सोल्डरचा डाग हा भरवशाचा पुरावा आहे. भारतीय उपकरणांत बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची नाममुद्रा शोधावी. या कंपनीने १९६१ मध्ये वॉल्व्ह आणि १९६२ मध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली. जुन्या रेडिओत सापडणारा तिचा एसी १२८ फझसाठी उत्तम चालतो. तो भंगारात टाकू नये.

दुरुस्ती. कानाने बरेच कळते. ५० हर्ट्झची जाड घरघर बहुधा सुटलेल्या अर्थची किंवा हीटरच्या तारांची असते. १०० हर्ट्झची घरघर वाळलेल्या फिल्टर कंडेन्सरची. खरखर कंट्रोलमधल्या धुळीची, आणि ती क्लीनरने जाते. मधूनच जाणारा आवाज ड्राय सोल्डरचा किंवा जॅकच्या सैल पत्तीचा. उलट पिन लागून मेलेल्या पेडलात अनेकदा फक्त पुरवठ्याला आडवा जोडलेला संरक्षक डायोड गेलेला असतो. काही रुपयांचा १एन४००१ बसवला की पेडल जिवंत होते. आयसी बदलण्याआधी हा डायोड पाहावा.

वॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ३०० ते ५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरांत उरतात. १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टन्समधून ते उतरवावेत आणि मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नये. स्पीकर न जोडता असा अ‍ॅम्प्लिफायर वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. दोन पिनच्या जुन्या अमेरिकी अ‍ॅम्प्लिफायरांत मेनच्या एका तारेपासून चॅसीला जोडलेला कंडेन्सर असतो. तो शॉर्ट झाला तर वादकाच्या हातातल्या तारांत करंट उतरतो. तो काढून तीन पिनची केबल व चॅसीला पक्की अर्थिंग द्यावी. जुनेपण जपण्यासाठी हा बदल टाळणारे लोक आहेत, पण वादकाच्या जिवापुढे मूळपणाला किंमत नाही. अर्थिंगची पिन तोडून घरघर घालवण्याची सवयही तितकीच घातक आहे.

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. फिल्टर कंडेन्सर नवेच घ्यावेत, जुन्या साठ्यातले नकोत. वॉल्व्ह आणि जर्मेनियम ट्रान्झिस्टर मात्र जुन्या साठ्यातलेही चालतात. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून, बदलाची तारीख लिहून, उपकरणाच्या आतच ठेवावेत. पुढच्या मेकॅनिकला मूळ मूल्ये कळतात आणि विकताना ओळख पटवता येते.