तेलाचा थेंब आणि दाब

मोट गेली आणि विजेचा पंप आला. या दोहोंच्या मधला मोठा काळ विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने सांभाळला. त्यामुळे कापूस व भुईमूग पिकवणाऱ्या धरणगावाला त्याचा ठोका नवा नाही. पण त्या ठोक्याच्या पोटात तेलाचे नेमके काय होते, हे आपण क्वचितच पाहतो.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला. हवा इतकी दाबावी की ती दाबानेच तापावी, आणि तीत सोडलेले तेल ठिणगीवाचून पेटावे, ही ती कल्पना. सायकलीत हवा भरताना पंप गरम होतो, त्यातलाच हा प्रकार. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे झालेल्या परीक्षेत या यंत्राने जळणातील सुमारे २६ टक्के उष्णता कामी लावली. त्यापुढे त्या काळची वाफेची यंत्रे फारच उधळी ठरली. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात असे एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालले, ही गोष्ट खानदेशाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु तेल पेटणे निराळे आणि वेळेत जळून संपणे निराळे. द्रव तेल जळत नाही. जळते ती त्याची वाफ. म्हणून तेलाचे बारीक तुषार करावे लागतात. डिझेलने ते काम जोरदार हवेच्या झोताने केले. पुढे नुसत्या पंपाने तेल फवारणे साधले, आणि १९२७ पासून बॉश कंपनीचे असे पंप कारखान्यातून मोठ्या संख्येने निघू लागले. हवा दाबणारे अवजड यंत्र सुटले व लहान इंजिने सोपी झाली. आपल्याकडे १९४६ साली खडकीस किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा उद्योग सुरू झाला.

कारागिरी अशी पुढे गेली. तिचे गणित मागून आले. १९५३ च्या सुमारास गॉडसेव्ह आणि स्पॉल्डिंग या ब्रिटनमधील संशोधकांनी दाखविले की, थेंब जळण्याचा वेळ त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. दोन मिलिमीटरच्या थेंबाचे दहा लक्ष सारखे कण केले, तर प्रत्येकाचा व्यास शंभरावा भाग उरतो आणि जळण्याचा वेळ दहाहजारावा! मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात एका फेऱ्याला सेकंदाचा पंचविसावा भागच मिळतो, आणि जळण्याच्या वाट्याला त्याचाही लहानसा अंश येतो.

दाब फार वाढला की हा नियमही अपुरा पडतो. दाब आणि उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की द्रव व वायू यांतील सीमाच पुसते. थेंबाला थेंबपण देणारा पृष्ठताण उरत नाही. तेल उकळण्याऐवजी हवेत विरत जाते. या स्थितीचे गणित स्पॉल्डिंगने १९५९ साली मांडले. इंजिनातील कोणता थेंब ही सीमा खरोखर ओलांडतो, याचा शोध अद्याप चालू आहे.

हा केवळ पंडितांचा विषय आहे, असे आम्हांस वाटत नाही. नोझल झिजले की थेंब जाड पडतात आणि ते पुरते जळत नाहीत. मग धुराड्यातून काळा धूर निघतो. त्या धुरात शेतकऱ्याचा पैसा जातो, आणि तो धूर गावाच्या छातीत जातो.