गोठवलेला उंदीर : पाळीव सापांच्या आहाराचा इतिहास

साप जिवंत प्राणीच खातो, मेलेल्याला तोंड लावत नाही, ही समजूत युरोपात एकोणिसावे शतक संपेपर्यंत इतकी घट्ट रुजलेली होती की प्राणिसंग्रहालयांचे चालक, निसर्गविषयक ग्रंथांचे लेखक आणि साप पाळणारे हौशी लोक यांपैकी फारच थोड्यांनी ती पडताळून पाहण्याची तसदी घेतली. आज ब्रिटन-अमेरिकेतील घरोघरच्या पाळीव सापांपैकी बहुतेक साप ज्यावर जगतात तो उंदीर मोठ्या पैदास केंद्रात वाढवलेला, कार्बन डायऑक्साइड वायूने मारलेला, आकारमानानुसार वर्गवारी करून गोठवलेला आणि पिशवीतून विकत आणलेला असतो. हा बदल भूतदयेच्या विजयाचा इतिहास म्हणून सांगण्याचा मोह होतो. परंतु घटनाक्रम नीट पाहिला तर त्यात भूतदयेइतकाच, किंबहुना काही टप्प्यांवर तिच्याहून अधिक, वाटा प्रयोगशाळेतील उंदरांचा आणि घरगुती शीतपेटीचा असल्याचे दिसते.

या इतिहासाची सोयीस्कर सुरुवात लंडनपासून होते. तेथील प्राणिशास्त्रीय संस्था १८२६ मध्ये स्थापन झाली, तिची रीजंट्स पार्कमधील बाग दोन वर्षांनी सभासदांसाठी आणि १८४७ पासून सर्वसामान्यांसाठी खुली झाली, आणि १८४९ मध्ये तेथे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र इमारत सुरू करण्यात आली, जी सार्वजनिक स्वरूपाची जगातील पहिली समजली जाते. काचेआडचे अजगर आणि नाग पाहण्यास गर्दी होई, परंतु साप हा बहुतांश वेळ निश्चल पडून राहणारा प्राणी असल्याने प्रेक्षकांना खरे आकर्षण वाटे ते त्याच्या भोजनाचे. ससे, गिनीपिग, पक्षी आणि पांढरे उंदीर जिवंतच पेटीत सोडले जात आणि पुढचा प्रकार लोक काचेला नाक लावून पाहत. चार्ल्स डिकन्सने हे दृश्य पाहिले होते. एकाच पांढऱ्या उंदराचे एक टोक एका सापाने आणि दुसरे टोक दुसऱ्याने धरून चाललेल्या ओढाताणीचे वर्णन त्याने आपला मित्र आणि पुढे चरित्रकार झालेल्या जॉन फॉर्स्टरला लिहिलेल्या पत्रात केले आहे, आणि त्यात विनोदाच्या आड लपलेली शिसारी स्पष्ट जाणवते.

याच इमारतीत १८५० च्या शरद ऋतूत एका बोआ जातीच्या सापाने पेटीत अंथरलेली घोंगडी गिळली आणि सुमारे पाच आठवड्यांनी ती ओकून टाकली. वृत्तपत्रांनी या घटनेकडे गंमत म्हणून पाहिले. वास्तविक सापाला भक्ष्यात प्राण असावाच लागतो या सिद्धान्ताला लोकरीच्या कापडाने दिलेला याहून मोठा छेद शोधून सापडला नसता. पण तो निष्कर्ष तेव्हा कोणी काढल्याचे दिसत नाही, कारण प्रश्नच अजून त्या रूपात विचारला गेला नव्हता.

प्रश्न विचारला गेला तो वेगळ्या दिशेने. प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्धची चळवळ ब्रिटनमध्ये १८२२ च्या गुराढोरांपुरत्या कायद्यापासून वाढत आली होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे लक्ष प्राणिसंग्रहालयातील या भोजनविधीकडे वळले. आक्षेपाचा रोख सशाच्या वेदनेइतकाच, कदाचित त्याहून अधिक, ते दृश्य पाहणाऱ्या मुलांच्या आणि स्त्रियांच्या मनावर होणाऱ्या परिणामावर होता, आणि व्हिक्टोरियन काळातील प्राणिदयेच्या विचारात हे नेहमीचेच होते. संस्थेच्या बाजूने ठरलेले उत्तर असे की जिवंत भक्ष्य न दिल्यास साप उपाशी मरतील, म्हणजे हे क्रौर्य नसून अपरिहार्यता आहे. शेवटी तडजोड निघाली ती सापांना खाऊ घालण्याची वेळ प्रेक्षकांच्या वेळेबाहेर नेण्याची. तिने पाहणाऱ्यांचा प्रश्न सोडवला. सशाच्या परिस्थितीत तिने काहीच फरक पडला नाही.

ही कोंडी फोडली ती पीटर चामर्स मिचेल आणि रेजिनल्ड पोकॉक या दोघांनी. मिचेल १९०३ मध्ये संस्थेचे सचिव झाले आणि पोकॉक त्यानंतरच्या वर्षी बागेचे अधीक्षक. पोकॉक यांचे नाव भारतीय प्राणिशास्त्राच्या वाचकांना अपरिचित नाही, कारण मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११ पासून चालवलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणातून जमलेल्या नमुन्यांचा अभ्यास त्यांनी उत्तरायुष्यात केला आणि ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेतील सस्तन प्राण्यांचे खंड लिहिले. या दोघांनी १९०७ मध्ये संस्थेच्या कार्यवृत्तात बंदिवासातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आहारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील पहिला निष्कर्ष असा होता की केवळ जिवंत भक्ष्यच घेतात अशी ख्याती असलेल्या सापांना मारून दिलेले प्राणी देऊन पाहिले असता, थोडे अपवाद सोडल्यास, त्यांनी ते विनातक्रार स्वीकारले. याच्या आधारे मिचेल यांनी संग्रहालयात उष्ण रक्ताचे प्राणी सापांना जिवंत देण्याची पद्धत बंद केली.

निबंधाचा दुसरा भाग अधिक कुतूहलजनक आहे. भक्ष्यप्राणी सापाच्या नुसत्या दर्शनाने भयाने गारठतो, असे लोक मानत. मिचेल आणि पोकॉक यांनी निरनिराळे प्राणी सापांसमोर आणून पाहिले तेव्हा उंदीर, ससे, गिनीपिग यांनी सापाकडे जवळपास दुर्लक्ष केले, आणि खरी घबराट उडाली ती माकडांची. माकडांच्या या भयाची परीक्षा त्याच बागेत डार्विन यांनी पूर्वी पेंढा भरलेला साप नेऊन घेतली होती. म्हणजे या दोन लेखकांनी एका हाताने जिवंत भक्ष्य देण्याची गरज नाकारली आणि दुसऱ्या हाताने त्या प्रथेविरुद्धचा सर्वांत भावनिक युक्तिवादही सौम्य केला. प्रचारकांच्या लेखनात अशी सचोटी क्वचित आढळते.

मेलेले भक्ष्य साप का स्वीकारतो याचे शरीरशास्त्रीय उत्तर पुढील दशकांत हळूहळू स्पष्ट होत गेले. साप दुभंगलेल्या जिभेने हवेतील आणि पृष्ठभागावरील सूक्ष्म गंधकण उचलतो आणि टाळूतील जॅकबसन इंद्रिय या गंधसंवेदी अवयवाकडे पोहोचवतो. समोरची वस्तू अन्न आहे की नाही याचा निवाडा मुख्यतः तेथे होतो. बहुतेक अजगर, काही बोआ आणि चापड्यासारखे खड्डेधारी घोणस वर्गातील साप यांच्या ओठांवर किंवा डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता टिपणारे खड्डे असतात, ज्यांच्या साहाय्याने अंधारातही आसपासच्या वस्तूंहून गरम असलेले शरीर ओळखता येते. धामणीच्या कुळातील सापांना असे खड्डे नसतात; ते गंध आणि हालचाल यांवर अधिक विसंबतात. मृत उंदरात गंध शाबूत असतो आणि ऊब व हालचाल या दोन गोष्टी माणसाला पुरवता येतात. शिवाय निसर्गातही साप मेलेले प्राणी खाताना आढळल्याच्या नोंदी आहेत.

व्हिक्टोरियन काळातील रखवालदारांना मेलेले भक्ष्य खाऊ घालण्यात अनेकदा अपयश आले, याची मुख्य जबाबदारी बहुधा भक्ष्याच्या मृतावस्थेवर नसून इमारतीच्या थंडीवर टाकली पाहिजे. सापाचे पचन बाहेरच्या तापमानावर अवलंबून असते आणि गारठलेला साप जिवंत ससाही नाकारतो. लंडनमध्ये जोन प्रॉक्टर यांच्या देखरेखीखाली १९२७ मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीत वेगवेगळ्या पेट्यांना विजेच्या साहाय्याने वेगवेगळी ऊब देण्याची व्यवस्था झाली, आणि आहाराच्या इतिहासात या व्यवस्थेचे महत्त्व १९०७ च्या निबंधापेक्षा कमी नाही.

तरीही घरी साप पाळणाऱ्यांमध्ये जिवंत भक्ष्याची पद्धत यापुढेही दीर्घकाळ टिकली. कारण साधे होते : मेलेला उंदीर हवा असेल तर आधी जिवंत उंदीर मिळवावा लागे आणि तो स्वतः मारावा लागे. उंदरांच्या नियमित पैदाशीची परंपरा सापांसाठी जन्मलेली नव्हती. इंग्लंडमध्ये शोभेचे उंदीर पाळणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १८९५ मध्ये निघाली होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रॅनबी गावी ॲबी लॅथ्रॉप या बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी चालवलेल्या अशाच उंदरांच्या व्यवसायातून हार्वर्डच्या संशोधकांना उंदीर मिळू लागले. आणि १९२९ मध्ये मेन राज्यात स्थापन झालेल्या जॅक्सन प्रयोगशाळेने उंदराला जीवशास्त्राचे प्रमाण साधन बनवले. पिंजऱ्यांच्या मांडण्या, ठोकळ्याच्या रूपातील तयार खाद्य, विणींच्या नोंदी ठेवण्याची शिस्त हे सारे तंत्र प्रयोगशाळांनी सिद्ध केले, आणि सापांच्या खाद्याचा धंदा पुढे त्याच तंत्रावर उभा राहिला.

मागणी निर्माण झाली ती बंदिवासातील पैदाशीमुळे. अमेरिकेच्या आग्नेय भागातील, धामणीच्या कुळातला, मक्याच्या कोठारांशी नाव जोडलेला कॉर्न स्नेक हा साप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाळीव सापांमध्ये अग्रगण्य ठरला. त्याच्या रंगहीन प्रकाराची पैदास १९६० च्या दशकाच्या आरंभी साधली, आणि रंगांच्या निवडक पैदाशीला तेथून वेग आला. एका मादीच्या अंड्यांतून डझनभर किंवा त्याहून अधिक पिल्ले निघत असतील आणि प्रत्येकाला आठवड्याला एक नवजात, केस न आलेला, गुलाबी उंदीर लागत असेल, तर पैदास करणाऱ्याला घरात उंदरांची वसाहत तरी ठेवावी लागे, जिचा वास शेजारी फार दिवस सहन करत नसत, किंवा साठवता येईल असे खाद्य तरी शोधावे लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी घरांत शीतपेटी आली होतीच. १९८० आणि १९९० च्या दशकांत गोठवलेले उंदीर कोरड्या बर्फात, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइडमध्ये, बांधून टपालाने पाठवणारे व्यवसाय स्थिरावले आणि लंडनच्या निबंधाने सुमारे पाऊण शतकापूर्वी मांडलेली शक्यता सर्वसामान्य पाळणाऱ्याच्या आवाक्यात आली.

याच काळात घाना, टोगो आणि बेनिन येथून मोठ्या संख्येने निर्यात होणाऱ्या बॉल पायथन या लहान अजगराने नव्या पद्धतीची कसोटी घेतली. रानातून पकडलेले प्रौढ अजगर त्यांच्या प्रदेशातील मऊ केसांच्या, मॅस्टोमिस प्रजातीच्या उंदरांना आणि जर्बिलांना सरावलेले असत; पांढरा उंदीर त्यांना अन्न म्हणून ओळखता येत नसे आणि ते महिनोन्‌महिने उपाशी राहत. अशा सापांसाठी पाळणाऱ्यांनी जी पायऱ्यापायऱ्यांची रीत घडवली ती आजही चालते. आधी जिवंत, नंतर नुकताच मारलेला आणि शेवटी वितळवलेला उंदीर असा क्रम ठेवतात. उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळवून मग पिशवीसह कोमट पाण्यात ठेवतात आणि सजीवाच्या अंगाइतका उबदार करतात. लांब चिमट्यात धरून सापापुढे हलकेच हलवतात. तरीही साप वळला नाही तर उंदराला सरड्याचा किंवा जर्बिलाचा गंध चोळतात, अथवा कवटीला छेद देऊन आतील गंध मोकळा करतात. रात्र पडल्यावर, आडोशात, कोणी न पाहता दिलेले खाद्य लाजाळू साप अधिक घेतो, हेही अनुभवातून कळले. पुढे बंदिवासातच अंड्यातून निघालेली आणि पहिल्या घासापासून वितळवलेल्या उंदरावर वाढलेली पिल्ले निर्माण झाली, तेव्हा या खटाटोपाची गरज बरीच ओसरली.

पाळणाऱ्यांना पटवण्यात भूतदयेपेक्षा सापाच्या जखमांचा युक्तिवाद प्रभावी ठरला. भूक नसलेल्या सापाजवळ रात्रभर राहिलेला जिवंत उंदीर सापाची पाठ कुरतडतो, प्रसंगी कण्यापर्यंत, आणि किमती साप गमावण्याची भीती सशाच्या वेदनेहून अधिक लवकर समजते. कायद्याची भूमिका दुय्यमच राहिली. ब्रिटनच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यात जिवंत भक्ष्य देण्यावर थेट बंदी नाही, परंतु माणसाच्या ताब्यातील भक्ष्यप्राण्यालाही तो संरक्षण देतो. भारतात १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाने केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य व्हावे अशा रीतीने कोंडणे गुन्हा ठरवले आहे. देशी साप पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई असल्याने महाराष्ट्रातील शहरांत हा विषय विदेशी सापांपुरता मर्यादित आहे, आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या करारातील परिशिष्टांत समाविष्ट अशा जातींची शासनाकडे नोंद करण्याचे नियम २०२४ मध्ये आले.

गोठवण्याबाबतही नवे गैरसमज झाले. बर्फाने उंदराच्या अंगावरील काही परजीवी मरतात. साल्मोनेला या आतड्यातील जिवाणूचे मात्र त्याने फारसे बिघडत नाही, आणि दीर्घ साठवणुकीत ई जीवनसत्त्व घटते. ब्रिटनमध्ये २००९ च्या सुमारास, विशेषतः लहान मुलांत, आढळलेल्या साल्मोनेलाच्या साथीचा माग अमेरिकेतून आयात केलेल्या गोठवलेल्या उंदरांपर्यंत लागला आणि २०१० मध्ये अमेरिकेतही त्या पुरवठादाराचा माल परत मागवण्यात आला. २०१५ पासून ब्रिटनमध्ये चाललेल्या दुसऱ्या साथीत ८०० हून अधिक लोक आजारी पडले; तिचा संबंध लिथुएनियातील उत्पादनाशी जोडला गेल्यावर २०२२ च्या फेब्रुवारीत तेथील उंदरांची आयात थांबवण्यात आली. आरोग्य यंत्रणांनी त्यासोबत दिलेल्या सूचना अशा की उंदीर मायक्रोवेव्हमध्ये किंवा स्वयंपाकाच्या ओट्यावर वितळवू नयेत, त्यासाठी वेगळे भांडे ठेवावे, आणि नंतर हात साबणाने धुवावेत.