जगाचा इतिहास आणि इस्लापूर

विद्यापीठांत जगाचा इतिहास शिकविण्याची आमची रीत आतां ठरून गेलेली आहे. अश्मयुगापासून आरंभ करावा, नाईल व युफ्रेटिस या नद्यांच्या कांठीं घटकाभर विसांवा घ्यावा, ग्रीस व रोम यांस वंदन करावें, आणि तेथून युरोपांतील प्रबोधन, फ्रेंच राज्यक्रांति व दोन महायुद्धें हे मुक्काम करीत आपल्या काळापर्यंत येऊन पोंचावें. या यात्रेंत विद्यार्थी पुष्कळ पाहतो. पण या जगांत आपलें घर कोठें आहे, हें मात्र त्यास कोणी सांगत नाहीं. पंचवीस वर्षें हा विषय शिकवूनही मला ही उणीव जाणवली नव्हती. ती इस्लापुराकडील एका विद्यार्थ्यानें जाणवून दिली. प्रागितिहासावरील व्याख्यान संपल्यावर तो उभा राहिला व म्हणाला, “सर, आमचे कोलाम लोक कोणत्या प्रकरणांत येतात?”

वर्गांत हंशा पिकला, आणि मीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु घरीं आल्यावर तो प्रश्न मनांतून जाईना. कारण त्याच व्याख्यानांत अश्मयुगीन जीवनाचा दाखला म्हणून मीं आजच्या वनवासी जमातींकडे बोट दाखविलें होतें. त्या मुलानें प्रश्न विचारला नव्हता. माझी चूक माझ्या पदरांत घातली होती.

इस्लापूर हें नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांतील गांव. जवळच पैनगंगा सहस्रकुंडाच्या काळ्या कातळावरून खालीं कोसळते, नदीपलीकडे विदर्भ. या तालुक्यांत सागवानाचीं रानें आहेत, आणि त्यांच्या आश्रयानें गोंड, कोलाम, आंध या लोकांची वस्ती आहे. गोंडी व कोलामी या भाषा तेलुगु-कानडीप्रमाणें द्राविड कुळांतील. त्यांस जुनी लेखनपरंपरा फारशी नाहीं, आणि नेमक्या याच गोष्टीचा आम्ही विपरीत अर्थ करतों.

प्रागितिहास म्हणजे ज्याचे लेख उपलब्ध नाहींत तो काळ. यापलीकडे त्या शब्दांत अर्थ नाहीं. उणीव साधनांची आहे, माणसांची नव्हे. आपल्या जातीचा मनुष्य पृथ्वीवर वावरूं लागून सुमारें तीन लाख वर्षें झालीं. सुमेर देशांत मातीच्या फलकांवर लेखन सुरू झाल्यास पांच हजारांहून थोडीं अधिक. म्हणजे मानवाच्या आयुष्याचा जेमतेम साठावा हिस्सा लेखी आहे. मग बाकीच्या काळांत मनुष्य काय करीत होता? त्याचें उत्तर इस्लापुरांतील जेवणाच्या ताटांत मिळतें. ज्या ज्वारीच्या भाकरीवर मराठवाडा पोसला, ती ज्वारी मूळची आफ्रिकेची. पांच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं पूर्व सुदानांत तिची लागवड होऊं लागली होती, याच्या खुणा तेथील खापरांवर सांपडल्या आहेत. भाकरीबरोबरची मिरची मूळ मेक्सिकोकडील. पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली. या दोन्ही पिकांस रानांतून शेतांत आणणाऱ्या माणसांनीं एक अक्षरही लिहून ठेवलें नाहीं. तरी कोणत्या सम्राटाचें कर्तृत्व इतकीं सहस्रकें टिकलें आहे?

अर्वाचीन काळाचीही हीच गोष्ट. इस्लापूर तेव्हां हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होतें. त्याच जिल्ह्यांतील जोडेघाट येथें जंगल व जमीन यांवरील हक्कासाठीं लढणारा गोंड पुढारी कुमराम भीम १९४० सालीं निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडला. पुढें त्या असंतोषाचीं कारणें शोधण्याचें काम संस्थान सरकारनें क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन पंडिताकडे सोंपविलें. हा गृहस्थ येथें कसा? १९३९ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां तो हिंदुस्थानांत होता. जर्मन पारपत्रामुळें इंग्रजांच्या लेखीं तो शत्रु ठरला आणि हैदराबादच्या हद्दींत अडकून पडला. त्याच्या प्रयत्नानें १९४३ मध्यें मारलवाई येथें गोंड शिक्षकांचें शिक्षणकेंद्र निघालें, व गोंडी भाषेचीं क्रमिक पुस्तकें देवनागरी लिपींत तयार झालीं. हिटलरच्या युद्धाचा एक दूरचा परिणाम म्हणून गोंड मुलाच्या हातीं त्याच्या भाषेचें पुस्तक पडावें, हा जगाच्या इतिहासाचा भाग नव्हे काय? आणि १९५६ चा राज्यपुनर्रचना कायदा उघडून पाहावा: बोथ तालुक्यांतील इस्लापूर मंडळ आदिलाबादेंतून काढून मुंबई राज्यांत घातल्याचा त्यांत नांवानिशीं उल्लेख आहे. भाषेप्रमाणें राज्य असावें, या ज्या कल्पनेनें एकोणिसाव्या शतकांत इटली व जर्मनी यांचा नकाशा बदलला, तिनेंच १ नोव्हेंबर १९५६ रोजीं या लहानशा मंडळाची सीमा बदलली. मात्र ही रेषा आंखतांना मराठी व तेलुगु यांचा विचार झाला. गोंडी व कोलामी यांचा झाला नाहीं. भाषिक राज्यांच्या तत्त्वाची मर्यादाही इस्लापुरांतच दिसते.

यावर असा आक्षेप येईल कीं, गांवापासून आरंभ केल्यास विद्यार्थी कूपमंडूक होईल. तशी भीति आहे, आणि आपल्या गांवाचा पोकळ अभिमान वाढविणें हें इतिहासाचें काम नव्हेच. परंतु मी गांवाची थोरवी गावयास सांगत नाहीं. गांव ही कसोटी मानावी, एवढेंच म्हणतों. कृषिक्रांति, साम्राज्य, राष्ट्रवाद, महायुद्ध हे शब्द ज्यास आपल्या शिवारांत ओळखतां येतात, त्यासच ते नाईलच्या कांठींही नीट ओळखतां येतील. एरवीं ते परीक्षेपुरते पाठ होतात व परीक्षेबरोबरच विसरले जातात.

प्रागितिहासावरचें तें व्याख्यान मी अजूनही देतों. पण जिवंत माणसांस अश्मयुगाचे नमुने म्हणून दाखविण्याचें मीं सोडून दिलें आहे. ज्या काळांत आपण राहतों त्याच काळांत तेही राहतात, आणि आपल्याइतकाच लांबचा भूतकाळ त्यांच्याही पाठीशीं आहे. त्या मुलाला त्या दिवशीं द्यावयाचें उत्तर हेंच होतें कीं, कोलाम पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या प्रकरणापर्यंत सर्वत्र आहेत. त्यांस तेथें पाहण्याची दृष्टि तुमच्या शिक्षकास अद्याप यावयाची आहे.