आख्खं गाव

आमच्या घरचं लग्नकार्य उरकलं की आजी अभिमानानं सांगायची, “आख्खं गाव जेवलं!” एकदा मी विचारलं, “आन् वेशीबाहेरची?” ती म्हणाली, “त्यास्नी मागनं वाढलं की. ती गावात कुठं धरायची?”

आमच्या विहिरीवर कसलीच पाटी नव्हती. शाळेतला माझा जोडीदार काठापासून लांब ओंजळ धरून बसायचा, मी वरून पाणी ओतायचो. कळशी ओंजळीला लागू द्यायची नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी येत होतं.

पुढं महाडचा इतिहास वाचला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं ते पाणी प्याली, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले आणि तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं. अस्पृश्यांनी इथं पाणी न भरण्याची वहिवाट फार पूर्वापारची आहे, असं म्हणत विरोधक कोर्टात गेले. १९३७ साली मुंबई हायकोर्टानं सांगितलं, तशी अनादी वहिवाट शाबीत झालेली नाही.

कोर्टानं पुरावा मागितला, तो मिळाला नाही. आमच्या विहिरीवर पुरावा कुणी मागितलाच नाही. मीही नाही. आणि वरून ओतणारा हात तर माझाच होता.